ती ओळ कोणाची

तिने एंटर दाबलं आणि स्क्रीनवर यादी धडाधड उतरू लागली. सात वर्षांच्या प्रोग्रॅममधल्या प्रत्येक ओळीचा शेवटचा बदल: तारीख, ओळ, बदलणाऱ्याचं नाव. हाताने शोधायला आठवडा गेला असता. तिने लिहिलेल्या स्क्रिप्टला, त्या छोट्याशा प्रोग्रॅमला, पाऊण मिनिट लागलं.

एका इस्पितळात ऑक्सिजनचा दाब उतरला आणि यांच्या कंपनीच्या प्रोग्रॅमने धोक्याची घंटा दहा सेकंदांऐवजी दहा मिनिटांनी वाजवली. नर्सचं लक्ष होतं म्हणून पेशंट वाचला. साहेबांना जेवणाच्या सुट्टीआधी चूक करणाऱ्याचं नाव हवं होतं. एकच. ज्याचं निघेल तो आजच घरी, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं.

घंटेच्या फाइलमधल्या एकूण एक ओळीपुढे एकच नाव आलं. मास्तरांचं.

मास्तर शेजारच्याच टेबलावर चष्मा पुसत होते. 'मास्तर' हे नाव ऑफिसनेच ठेवलेलं. कोणाच्या ओळी वेड्यावाकड्या दिसल्या की त्यांचे हात शिवशिवायचे. कोणी सांगितलेलं नसताना अख्खी फाइल एका रेषेत आणून ठेवायचे. पण यंत्राला अक्कल नसते. ओळीतली नुसती मोकळी जागा सरकवली, तरी ती ओळ सरकवणाऱ्याच्या नावावर चढते.

त्यांनी वाकून यादी पाहिली.

"पाठवून दे. निवृत्तीला वर्षच राहिलंय माझ्या."

तिने यादी बाजूला सारली. स्क्रिप्टमध्ये एक अट घातली: फक्त जागा सरकवली असेल, तर तो बदल धरू नको. पुन्हा एंटर.

घंटेच्या ओळीपुढे तिचं स्वतःचं नाव आलं. नोकरीचा दुसरा महिना. सेकंदांच्या जागी मिनिटं.

माउसवरचा तिचा हात मांडीवर येऊन पडला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सकाळीच बघितलं. पहिलीच यादी पाठव म्हणतोय ना."

"नाही जमायचं, मास्तर. तुम्हाला घरी पाठवून मी इथे कोणत्या तोंडाने बसू?"

मास्तरांनी चष्मा चढवला. मी एकटा जाणार होतो तोवर गप्प होतो, असं काहीसं पुटपुटले. मग नीट म्हणाले,

"पाठवायचीच तर अर्धी नको. मंजुरी कोणाची, तेही काढ."

दुसऱ्याने वाचून होकार दिल्याशिवाय एकही ओळ पुढे जाता कामा नये, असा तिथला नियम. तिने आणखी एक रकाना जोडला. त्या दिवशी तिने एकशे ऐंशी ओळी तपासायला पाठवल्या होत्या, अकरा वाजून सात मिनिटांनी. मंजुरी साहेबांची. अकरा वाजून सात मिनिटांनी.

तिने स्वतःचं नाव ठळक केलं. साहेबांचं होतं तसंच ठेवलं. वर-खाली एक अक्षरही न लिहिता यादी पाठवून दिली.

काचेपलीकडे साहेबांनी फोनवरचं बोलणं थांबवून स्क्रीनकडे मान वळवली. मास्तर आपली खुर्ची ओढत आले आणि तिच्या शेजारी बसले.