घंटा उलट्या होत्या

किल्ला झाला, पाणचक्की झाली. शनिवारी दुपारी भाची टॅम्सिन म्हणाली, "मामा, आता तुमच्या घंटा." चर्चच्या मनोऱ्यात मी तीस वर्षं घंटा वाजवतोय. मी सरळ किल्ली दिली आणि बाजारात चीज घ्यायला थांबलो. गाढवपणा माझाच.

चीजच्या दुकानाशी ऑस्बर्ट भेटला, आमचा घंटावाल्यांचा म्होरक्या.

"दोनला लग्न आहे, लक्षात आहे ना? घंटा उलट्याच ठेवल्यात. परत कोण चढवत बसणार."

उलटी म्हणजे तोंड आभाळाकडे, एका लाकडी दांडीवर टेकलेली. खालून दोराला हिसका बसला की अर्ध्या टनाचं धूड गरकन फिरतं. जवळ माणूस असला तर संपला.

"दोरांवर 'हात लावू नका'ची पाटी लावलीस?"

"लावली होती. पर्यटन समितीच्या बाईंनी काढली. पाहुणे घाबरतात म्हणे."

चीज तिथंच टाकून पळालो. शंभर पायऱ्या. पाहुण्यांनी घाबरू नये म्हणून माझ्या बहिणीच्या पोरीनं मरायचं का, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

दोरांच्या खोलीत बसनं आलेलं एक म्हातारं जोडपं. बाई मोबाईल धरून उभी, आणि बुवानं सगळ्यात मोठ्या घंटेचा दोर दोन्ही हातांनी पकडलेला. वर फळ्या करकरल्या. टॅम्सिन चालत होती.

ओरडलो तर हा दचकणार, दचकला तर ओढणार. मी आवाज गिळला.

"साहेब, हलू नका."

"फोटोपुरतं हो. जरा ओढल्यासारखं करतो."

"ओढू नका. बोटं उघडा. एकेक."

"हे बघ, आले चौकीदार," तो बायकोला म्हणाला. "दोर काय तुमच्या आजोबांचा आहे?"

"माझी भाची वर आहे. घंटांच्या मधोमध."

त्याचं हसू गेलं. हात मात्र आणखी आवळले. घाबरलेला माणूस असंच करतो. दोर वीतभर खाली आला. वर लाकूड कण्हलं. मी त्याच्या मुठींवर माझे हात ठेवले, दोर हलू न देता त्याचं एकेक बोट सोडवलं. आठवं, नववं, दहावं. दोर थरथरला आणि थांबला.

मग जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "टॅम्सिन, कशाला हात न लावता खाली ये."

ती केसांना कोळ्याची जाळी लागलेली अशी उतरली. "मामा, मोठ्या घंटेच्या आत वाकून फोटो काढला. अख्खी बादलीच की."

मी पाटी शोधायला वळलो.

पाटी कपाटामागे सापडली. ती दोरांच्या खोलीच्या दारावर ठोकली. घाईत दोन खिळे वाकले. समितीच्या बाई वर आल्या.

"अहो, किती भयानक दिसतंय हे."

"दिसू दे," म्हणालो, आणि तिसरा खिळा मारला.