खिडकीचं भांडण

"बाबा, परत आईशी भांडलात ना?" मुलाने ऑफिसातून फोन करून विचारलं.

म्हाताऱ्याने जीभ चावली. बायकोला जाऊन वर्ष उलटलं होतं. तरी रोज संध्याकाळी तो स्वतःच खिडकी सताड उघडायचा आणि तिच्या रिकाम्या खुर्चीवर खेकसायचा, "उघडी टाकलीस ना परत? लावायला हात दुखतात?" जन्मभर बस चालवलेला माणूस, डेपोत त्याला सगळे 'हॉर्न' म्हणायचे. बायकोला खिडकी उघडी हवी, याला बंद. सगळा संसार या भांडणावर झाला आणि तिच्यामागे तेवढंच उरलं.

मध्यंतरी त्याचं हृदय दगा देऊ लागलं, तेव्हा डॉक्टरांनी रक्तात औषधाचे कण सोडले, डोळ्यांना न दिसणारे. ठोके वाढले की कण आपसूक औषध सोडणार आणि मुलाच्या मोबाईलवर खबर देणार. ऑफिसातून त्याचा फोन आला तो त्यामुळेच. हॉर्न तेव्हा शुद्धीत नव्हता. त्याच्या वतीने 'हो' मुलगाच म्हणाला.

तेव्हापासून भांडणाचा सूरच लागेना. "अगं, खिडकी..." म्हणेपर्यंत राग विरघळून जायचा. पुढचं सगळं तोंडपाठ होतं, पण बोलावंसंच वाटायचं नाही. बायको दुसऱ्यांदा गेली म्हणायची, आणि या खेपेला रडायचीही सोय नव्हती.

मुलाला घेऊन तो डॉक्टरांकडे गेला. "हे काढून टाका."

"आता नाही निघत ते, आजोबा. आणि काढायचे कशाला? तब्येत झकास आहे की."

"मला तिच्यावर रागावता येत नाही हो."

डॉक्टर हसले. "गेलेल्या माणसावर कसला राग?"

"मग कुणावर रागावू? माझं ऐकून घेणारं दुसरं होतं कोण?"

"बाबा, तुम्ही राहावं म्हणून केलं मी," मुलगा म्हणाला. ते खरंच होतं. तरीही, अंग माझं आणि विचारलंस कुणाला, असं ओरडावं म्हणून हॉर्नने श्वास घेतला. छातीत काहीतरी उसळलं आणि तिथेच निवलं. मुलाने मोबाईल पाहिला.

"बघा, झालात ना शांत."

संध्याकाळी सवयीने त्याने खिडकी उघडली. सून चहा घेऊन आली.

"बाबा, गार वारा येतोय. लावू का?"

त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"लाव, नाहीतर राहू दे. मला काय."

सुनेने खिडकी लावली. वाटेत येते म्हणून जाता जाता खुर्चीही भिंतीकडे सरकवली. हॉर्न चहा पीत राहिला.