भांडलं की हवा कमी होते

माझी दोन्ही मुलं एका सिनेमात भावंडांचं काम करत होती आणि काम मुळी भांडायचंच होतं. जो तो म्हणाला, "मग काय, शिकवायलाच नको." मलाही तसंच वाटलं होतं. घरात ही दोघं टूथपेस्टच्या झाकणावरून भांडतात, लिफ्टचं बटण आधी कोणी दाबलं यावरून भांडतात, आणि काहीच सापडलं नाही तर तू माझ्याकडे का बघितलंस यावरून भांडतात. थोरली बारा वर्षांची, धाकटा नऊचा. धाकट्याला आम्ही भुंगा म्हणतो, कारण तो झोपेतही गप्प नसतो. तो तिला ताई म्हणतो, म्हणून सेटवर ती सगळ्यांची ताई झाली आणि मी सगळ्यांची आई. माझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेले लाइटवालेसुद्धा "आई, जरा सरका" म्हणायचे आणि मी सरकायची.

सिनेमाची गोष्ट अशी. आईवडील बाहेर गेलेले असताना दोन भावंडांना माळ्यावर एक जुना खेळ सापडतो. पटाच्या मधोमध एक पितळी चकती. ती फिरवली की ते बसलेत ती अख्खी खोली घरापासून सुटते आणि अवकाशात जाऊन पडते, कधी बर्फाच्या ग्रहाशेजारी, कधी कुठल्याशा यंत्रांच्या फौजेत. घरी यायचं तर डाव पुरा करायचा, आणि डावाचा नियम एकच: भांडलं की खोलीतली हवा कमी होते. दिग्दर्शकाने हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हा खेळ आमच्या घरी असता तर आम्ही केव्हाच गुदमरलो असतो. तो हसला नाही. तो कधीच हसायचा नाही. तिशीतला मुलगा, मऊ आवाजाचा, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, माणूस भेटला की मला आधी त्याचं नाक दिसतं. त्याच्या चष्म्याच्या दांड्या नीट बसवून द्याव्यात असं मला रोज वाटायचं, पण तेवढंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

अवकाश म्हणजे एक मोठी पत्र्याची शेड होती. तिच्यात तीन भिंतींची खोली उभी केलेली, चौथ्या बाजूला कॅमेरा आणि खिडकीबाहेर सगळीकडे हिरवा कपडा. तारे म्हणे नंतर टाकणार होते. पंख्यांचा आवाज येतो म्हणून शॉट सुरू झाला की पंखे बंद. लोकांना वाटतं, सिनेमात मजा असते. सिनेमात थांबणं असतं. लाइट हलवेपर्यंत थांबा, भिंत हलवेपर्यंत थांबा, ताईची वेणी कालच्यासारखी होईपर्यंत थांबा. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून एकाचा अभ्यास घ्यायची, एकीला पाणी द्यायची, आणि मधूनच दुकानातून फोन यायचा की ते दोन नंबरचे खोके कुठे ठेवलेत. वर्षभराची रजा त्या शेडमध्ये संपली. मुलांचे वडील बोटीवर इंजिनरूममध्ये असतात. सिग्नल मिळाला की ते फोनवर विचारायचे, "काय, धमाल चाललीय ना?" मी हो म्हणायची. एवढ्या लांबच्या माणसाला नाही म्हणून करायचं काय?

आता खरं काय ते सांगते. नाटकाचं वेड आहे ते ताईला. ती चालायला लागल्यापासून आरशासमोर बोलते. सिनेमासाठी मुलं निवडायची होती त्या दिवशी भुंग्याला घरी एकटं ठेवता येईना म्हणून मी त्यालाही बरोबर नेलं. ताईने आत पाठ केलेला उतारा म्हणून दाखवला, सांगितल्याबरोबर रडून दाखवलं. भुंगा बाहेर पाण्याच्या कूलरचा नळ सोडत-बंद करत तिथल्या शिपायाशी हुज्जत घालत होता. त्यांनी भुंग्याला निवडलं. कानामागून आला आणि तिखट झाला. दिग्दर्शकाचा फोन आला, मुलगा हवाय, त्याच्या बहिणीच्या कामासाठी आम्ही दुसरी मुलगी बघितलीय. मी म्हटलं, "दोघं, नाहीतर कोणीच नाही." दोन दिवसांनी ते तयार झाले, सख्खी भावंडं आहेत, भांडण खरं वाटेल म्हणून.

ताईला मी एवढंच सांगितलं की दोघांनाही घेतलं. ती ओरडत जिना उतरून खाली गेली आणि तशीच ओरडत वर आली. खोटं बोलले का मी? बोलले असेन. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. खरी गोष्ट मला ठाऊक होती आणि त्या दिग्दर्शकाला. ताईला कळली असती तर ती पुन्हा कधी कुठल्या स्टेजवर चढली नसती. मी तिची आई आहे, मला माहीत आहे. ही गोष्ट तिला कधीही कळू नये, बाकी सिनेमा पडो की चालो, एवढंच माझं मागणं होतं.

मी सांगतेय त्या दिवशी सिनेमातला शेवटचा मोठा प्रसंग होता. भुंग्याने रागाच्या भरात शेवटची सोंगटी खिडकीबाहेर फेकलीय, ती पकडायला गेला तर स्वतःच बाहेर लटकलाय आणि त्याच्या दोरीचं टोक ताईच्या हातात आहे. ती चिडून म्हणते, "सोडते मी दोरी. जा तुझ्या सोंगटीमागे." मग तिला रडू फुटतं आणि ती त्याला आत ओढते. खरं तर भुंग्याला वरच्या तारांनी धरलं होतं, ताईच्या हातातली दोरी नुसती दाखवायची.

सकाळपासून तेच चाललं होतं. ताई वाक्य बरोबर म्हणायची, बरोबर जागी रडायची, आणि दिग्दर्शक म्हणायचा, "छान. अजून एकदा." भुंग्याच्या मांड्यांना पट्टे काचत होते. खाली उतरवला की मी पट्ट्यांखालचा टॉवेल सरळ करायची, की तो परत वर. दुपार कलली तशी दोघं भांडायचीसुद्धा थांबली. भुंग्याने आपणहून अर्धं बिस्कीट तिला दिलं, तेव्हा मी समजले की पोरं पार संपलीत.

दिग्दर्शक माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"आई, ताई ॲक्टिंग फार छान करते."

"मग?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे. ती ॲक्टिंग करते. भुंगा करत नाही." त्याने चष्मा वर ढकलला. "तुम्ही तिला ती गोष्ट सांगाल? आपण आधी फक्त भुंग्याला घेणार होतो, ती. शॉटच्या आधी, अगदी सहज. नंतर सांगू, गंमत केली, खोटं होतं म्हणून."

"पण ते खोटं नाहीये."

"म्हणून तर चेहऱ्यावर येईल ना, आई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ती काय चावीची बाहुली आहे, चावी फिरवली की रडायला? मी सांगणार नाही. आणि तुम्हीही सांगायचं नाही."

"तिच्याच भल्यासाठी म्हणतोय. लोक भुंग्याला विसरतील, तिला लक्षात ठेवतील. आणि तुम्हाला तासाभरात घरी जाता येईल."

लपवून काय करायचं, त्या शेवटच्या वाक्याने मी क्षणभर डळमळले. घर. अंथरूण. डोळे मिटले की कोणी "अजून एकदा" म्हणणार नाही. इतकी थकले होते मी की पोटच्या पोरीचं मन माझ्या हातातल्या तराजूत घातल्यासारखं वर-खाली झालं. मग मला स्वतःचीच एवढी चीड आली की मी उठले आणि तोंड धुवायला गेले.

परत आले तर दिग्दर्शक भुंग्यासमोर उकिडवा बसला होता. त्याचा हात भुंग्याच्या खांद्यावर. भुंगा चक्क गप्प होता आणि मान हलवत होता. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेवरून मला कळलं की त्याला सगळं सांगून झालंय. मी धावले. तेवढ्यात कोणीतरी "सायलेन्स" ओरडलं, पंखे थांबले, आणि सहायक मुलीने मला दोन्ही हातांनी अडवलं. "आई, प्लीज, रोल होतंय." मी तिथल्या लोखंडी खांबाला धरलं, नाहीतर पडलेच असते. भुंगा पट्ट्यांसकट तुरुतुरु ताईकडे गेला. तिने वाकून कान पुढे केला. तो काहीतरी बोलला. फार नाही, दोन वाक्यं असतील.

ताईचा चेहरा उतरला. मी आजवर तिचे रडण्याचे सगळे प्रकार पाहिलेत, हा त्यातला नव्हता. भुंग्याला वर खेचलं. "सोडते मी दोरी," ती म्हणाली, आणि आवाज मधेच फाटला. "जा तुझ्या..." पुढचं वाक्य आलंच नाही. ती अशी हुंदके देऊन रडली की वरच्या तारा ओढणारे दादा ओढायचं विसरले आणि भुंगा अधांतरी तसाच झुलत राहिला. मग तिने दोरी खरोखर ओढली, हाताला वळ उठेपर्यंत. "कट" म्हणायला दिग्दर्शकाला बराच वेळ लागला. तो चष्मा काढून डोळे पुसत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या थोबाडीत मारल्यासारख्या लागल्या.

 मी भुंग्याचे पट्टे सोडवले, पिशव्या भरल्या, दोघांना गाडीत घातलं. एरवी खिडकीच्या जागेसाठी मारामारी. त्या दिवशी ताई मुकाट्याने मधे सरकली आणि भुंगा खिडकीशी बसून दोन मिनिटांत झोपला, तिच्या खांद्यावर डोकं टाकून. तिने ते ढकललं नाही. मी पुढच्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. चिडू कोणावर? नऊ वर्षांचं पोर, दिवसभर टांगून ठेवलेलं. त्याला म्हटलं असेल, एवढं बोल आणि घरी जा. मीसुद्धा डळमळलेच होते की.

शेवटी राहवेना. मी मागे न बघता विचारलं, "काय गं म्हणाला तो तुला?"

"काही नाही."

"सांग ना."

"तो म्हणाला, ताई, आईकडे बघ. ती दमून मरणार आता."

"आणि?"

"आणि मी बघितलं. तू त्या खांबाला धरून उभी होतीस." तिचा आवाज परत भरून आला. "मला खरंच तसं वाटलं, आई."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. रडू येत होतं आणि हसूही, आणि ड्रायव्हरदादा शेजारी होते म्हणून दोन्ही गिळलं. माझ्या थकव्याचं ओझं ही पोरं कधीपासून वाहत होती कोण जाणे. मी समजत होते, मीच काय ती त्यांना वाहतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई अंघोळीला गेल्यावर मी भुंग्याला धरलं.

"तुला डायरेक्टरकाकांनी तिला काय सांगायला सांगितलं होतं?"

"ते आधी मला एकट्याला घेणार होते, ते." तो बुटाची नाडी बांधत होता.

"मग का नाही सांगितलंस?"

"ती खूप रडली असती."

"अरे, रडायलाच तर हवं होतं ना त्यांना?"

"तसलं नाही," तो म्हणाला, आणि दुसऱ्या बुटाकडे वळला.

म्हणजे त्याला आता ठाऊक होतं. दिग्दर्शक परका, आज आहे उद्या नाही. मी तोंड शिवून बसेन. पण हा तिचा रोजचा शत्रू. भांडणात हाताला येईल ते फेकून मारणारा, उशी म्हणू नका, चमचा म्हणू नका. आणि आता देवाने त्याच्या हातात हा धोंडा दिलेला. तेव्हापासून ती दोघं भांडायला लागली की मी ओरडत नाही. हातातलं काम थांबवते आणि ऐकते. आज निघेल का ते तोंडातून? आज नाही. उद्या? आधी त्यांच्या भांडणांनी डोकं उठायचं, आता छातीत धडधडतं. कुठलं जास्त थकवतं, ते सांगता यायचं नाही.

गेल्या आठवड्यात जुंपली ती टीव्हीच्या रिमोटवरून. मी स्वयंपाकघरात होते. आधी ढकलाढकली, मग तू मूर्ख, तू महामूर्ख. मग ताईचा आवाज चढला. सिनेमात काम केल्यापासून तिचा आवाज चांगलाच पोचतो.

"स्वतःला काय समजतोस रे? तुला ॲक्टिंगमधलं ओ की ठो येत नाही. माझ्यामुळे घेतलं तुला सिनेमात, कळलं? सख्खा भाऊ हवा होता म्हणून. नाहीतर तुला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं!"

मी गॅस बंद केला. बाहेर एकदम शांत झालं. इतकं शांत आमचं घर कधी नसतं. मी दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. भुंगा सोफ्यावर उभा होता, कान लाल झालेले, तोंड उघडलेलं. तो तिच्याकडे बघत होता. त्याने तोंड मिटलं. परत उघडलं.

"हो, माहितीये," तो म्हणाला. "आता रिमोट दे."