सात नंबरची पेरणी

मोठ्या साहेबांनी यादीतल्या सात नंबरवर पेन टेकवलं. खाली, गरम सपाट मुलखातल्या केंद्रावर, त्याच्या शेंगेत जेमतेम दोन दाणे भरत होते. असलं वाण पुढच्या वर्षी कशाला पेरायचं, असं त्यांचं म्हणणं. माझा तिळपापड झाला. वाटाण्याचं ते वाण मी आठ वर्षं खपून तयार केलं होतं, आणि आमच्या डोंगरावरच्या केंद्रात ते शेंगांनी लगडायचं. चार दिवसांची मुदत मागून मी तडक खाली निघाले.

खालचं केंद्र माझी थोरली बहीण सांभाळते. ताईचा स्वभाव पहिल्यापासून सैल. तिने पाणी चुकवलं असणार, निंदणी टाळली असणार, असं वाटभर घोकत मी भांडणाची चांगली तयारी केली.

पोचले तर वाफ्यात औषधालाही तण नव्हतं. मातीत बोट खुपसून पाहिलं, ओल अगदी बेताची. फक्त सात नंबरच्या वेलींखाली गळलेल्या फुलांचा सडा होता आणि वर ऊन मी म्हणत होतं. तयारी वाया कशाला घालवा, म्हणून मी तरीही तोंड सोडलंच.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि मला मागच्या खोलीत नेलं. तिथे खिळ्याला वाळलेल्या वेलींची जुडी टांगलेली होती. तिने एक शेंग फोडून माझ्या तळहातावर दाणे ओतले. आठ होते. दुसरीत नऊ निघाले.

"हे कुठलं वाण?" मी विचारलं.

"तुझंच. सात नंबर. गेल्या वर्षीच्या पाकिटात मूठभर उरलं होतं, ते थंडी पडायला लागल्यावर परसात टाकलं."

"मग केंद्रात का नाही तेव्हाच पेरलंस?"

"तुझं पत्रक आहे ना. दोन्हीकडे एकाच दिवशी पेरा, एक दिवससुद्धा मागेपुढे चालणार नाही. खाली तीन रेघा मारल्यास."

मारल्या होत्या खऱ्या. दोन्ही केंद्रांना सारखा न्याय म्हणून. पण वर बर्फ वितळेपर्यंत पेरता येत नाही, आणि तोवर खाली थंडी सरलेली असते. लवकर फुलणारी वाणं त्यातूनही निसटतात. सात नंबर सावकाश फुलणारं, ते बिचारं बरोबर उन्हाच्या तडाख्यात सापडलं. आठ वर्षं जिवापाड जपलं आणि शेवटी मीच त्याच्या मुळावर उठले होते. मला रडूच आलं.

मला का नाही सांगितलंस, असं विचारलं तर ताई म्हणाली, दोनदा सांगितलं होतं, तू नियम म्हणजे नियम म्हणालीस आणि फोन ठेवलास. मग ती हसायला लागली, आणि डोळे पुसता पुसता मीही.

साहेबांसमोर मी शेंगा ठेवल्या आणि चूक माझी आहे, वाणाची नाही, असं सरळ सांगून टाकलं. त्यांनी दाणे मोजले. मग विचारलं, "या तारखेपायी आजवर किती वाणं बाद केलीत?"

"अकरा," मी म्हणाले. "सगळ्यांचं बी आहे अजून कपाटात."

सात नंबर यादीत राहिलं आणि त्याच्याखाली अकरा नावं वाढली. त्याच दुपारी मी नवं पत्रक लिहायला घेतलं. खालच्या केंद्रापुढे, पेरणीच्या तारखेच्या रकान्यात, ठळक अक्षरांत लिहिलं: ताईला विचारा.