आक्काच्या चटणीतले तीळ

आमच्या खानावळीत रश्श्याला घालायची मसाल्याची चटणी आमचीच असती, ही माझी ऐट. वीस वर्षं झाली, दर उन्हाळ्याला मिरच्या निवडून, डंकावर उभी राहून वर्षाची चटणी मी कुटून आणते. कोल्हापुरात तांबडा रस्सा गल्लोगल्ली मिळतोय, पण उसन्या चटणीच्या रश्श्याला कोण विचारतंय?

यंदा दिवाळीच्या आधीच बरणीचा तळ दिसाय लागला. मग गुपचूप शिरोळला बहिणीकडं, आक्काकडं गेले, पाच किलो चटणी आणली आणि आमच्याच बरणीत ओतली. सुनंला, मोनाला सुदिक सांगितलं न्हाय. नाक कापलं गेलं असतं की माझं!

मोना भारी चिकित्सक. अन्नखात्याच्या कसल्याशा ट्रेनिंगला जाऊन आली आणि दाराशेजारी फळा लावला. कशात काजू, कशात दूध, कशात शेंगदाणे, सगळं त्यावर. पांढऱ्या रश्श्यापुढं तीळ, खसखस, काजू. तांबड्यापुढं ‘तीळ नाहीत’. मी म्हटलं, “अगं, लोक जेवाय येत्यात का औषध घ्याय?” तर म्हणती, “आत्या, एखाद्याच्या जिवावर बेततंय.” मी आपलं हसून सोडून दिलं.

त्या रविवारी दुपारी एक बाई नऊ-धा वर्षांच्या पोरीला घेऊन आल्या. हायस्कुलात मास्तरीण, नाव अवंतिका, पोरगी इरावती. पोरीला तिळाची ॲलर्जी. दोन वर्षांची असताना संक्रांतीचा लाडू चाखला आणि श्वासच कोंडला. तवापासनं बाहेर कुठं जेवलीच न्हवती. मैत्रिणी तांबड्या रश्श्याच्या गप्पा मारायच्या, ही बिचारी ऐकत बसायची. “तुमचा फळा बघितला आणि धाडस केलं,” बाई मोनाला म्हटल्या. “तांबड्यात तीळ नाहीत ना?”

“न्हाईत, ताई. आमच्या चटणीत आत्या तीळ घालतच न्हाईत.”

मी ताट घेऊन आले, तर परत तेच. “नक्की ना?”

रविवारची गर्दी, दारात पावणं ताटकळलेलं. माझं डोस्कं सणकलं. “वीस वर्षं झाली रस्सा करतोय आमी! बसा की निवांत.”

बाई वरमल्या. मी वाटी ठेवली. पोरीनं भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला. तेवढ्यात बाईंनी तिचं मनगट धरलं आणि हळूच म्हटल्या, “राग मानू नका मावशी. चटणी घरचीच ना?”

‘व्हय’ अगदी जिभेवर आलं हुतं. आणि तवा कुठं आठवलं. आक्का तर चटणीत मूठमूठ तीळ भाजून घालती!

रस्सा नासलाय म्हणून वाटी उचलता आली असती. पण फळा तसाच ऱ्हायला असता, आणि उद्या दुसरं कुणाचं तरी पोर तो वाचून जेवाय बसलं असतं. मी पोरीच्या हातातला तुकडा हिसकावला. वाटी लवंडली, रस्सा माझ्या लुगड्यावर.

“खाऊ नगो! चटणी माझी न्हाय, माझ्या भनीची हाय. त्यात तीळ हाईत. फळा खोटा हाय, आणि मीच तो खोटा केलाय!”

मोनानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि जाऊन फळ्यावरचा ‘नाहीत’ पुसला. कोपऱ्यातनं गुंडूदादा, आमचं रोजचं गिऱ्हाईक, म्हटले, “तरीच! चार दिस झालं, झणका येगळा लागतोय.” एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं.

बाईंनी पोरीचं हात साबणानं धुतलं. पिशवीतनं ॲलर्जीचं इंजेक्शन काढून टेबलावर ठेवलं, तिचं ओठ बघितलं, बोलतं केलं. तोंडात कणबी गेला न्हवता. मी तिथंच फरशीवर बसले. आता बाई शिव्या घालतील म्हणून वाट बघत हुते, तर त्यांनी हात जोडलं.

“उपकार झाले, मावशी. खरं सांगितलंत.”

मला रडू आलं आणि रागबी आला. “कसलं उपकार ओ? हात मी जोडायचं. दोनदा सांगून झालं, वर मी खेकसले, तरीबी तिसऱ्यांदा विचारलासा. तुमी भिडंखातर गप बसला असता, तर माझ्या हातनं ही पोर...”

“मग मी काय खाऊ?” इरावती म्हटली. पोट रिकामंच हुतं की तिचं.

मोनानं नवा कुकर काढला. ताजं मटण, आलं-लसूण, हळद, मीठ, थोडं तेल. बस्स. एकेक जिन्नस, तेलाची पिशवी सुदिक बाईंना दाखवून बिनचटणीचा अळणी रस्सा केला. वाटी नवी, पळी नवी, भातबी ताजा लावलेला. पोरगी फुंकर मारमारून प्याली. नाकावर घाम, गालाला शीत चिकटलेलं. ऊर भरून आला माझा.

मग तिनं वाटी पुढं केली. “अजून!”

बाई कायतरी बोलाय गेल्या आणि माझ्याकडं बघून थांबल्या. मी पळी तशीच धरून उभी ऱ्हायले.

“विचारा की,” मी म्हटलं. “चौथ्यांदा विचारा. तुमी विचारल्याबिगर मी वाढणार न्हाय.”