पहिलं बाळंतपण माहेरचं

खोपोलीत सोनोग्राफीला गेले तेव्हा भरपूर पाणी पिऊन लघवी तुंबवून ठेवायला सांगितली होती. तपासणी संपली तशी मी मोरीकडे पळाले. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी जे काय सांगायचं ते माझ्या नवऱ्याला सांगून टाकलं आणि पुढची बाई आत घेतली. पोट माझं, आणि त्यातलं ऐकायला मीच नव्हते.

विपुल बाहेर बाकावर बसला होता. विचारलं तर म्हणाला, बाळ एकदम मस्त हाय. चेहरा पडलेला होता त्याचा. मला वाटलं भूक लागली असेल. वडापाव खायला घातला मी त्याला.

सातवा लागला तशी सासूबाईंनी, गौराबाईंनी, घाईघाईत ओटी भरली आणि दुसऱ्याच दिवशी मला माहेरी धाडलं. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरचं असतं हे खरं, पण एवढ्या तातडीनं कुणी धाडत नाही. खालापुरातून निघालो, कर्जत मागे टाकलं, कशेळ्याच्या पुढे आमच्या वाडीचा रस्ता म्हणजे नुसते दगड. विपुल ड्रायव्हरला सारखा सांगत होता, हळू घे रं, हळू घे. मला केवढं कौतुक वाटलं त्याचं.

मग एका सकाळी मी अंगणात वाल सोलत बसले होते. मांडीखाली ओलं लागलं. दुखत काहीच नव्हतं. बघते तर रक्त, लालभडक, सारवलेल्या जमिनीवर पसरत चाललेलं.

माझी आई येसूबाई बाहेर आली. ती किंचाळली नाही. काय झालं, असंही विचारलं नाही. फडताळातून धुतलेल्या जुन्या लुगड्याच्या घड्या काढल्या, मला आडवं केलं, फोन लावला. आमच्या वाडीत जीप बोलावली तर येईपर्यंत जेवून भांडी घासून होतात. वाडीतल्या कमलेशची जीप मात्र लगेच दारात. मी म्हटलं, तू कसा काय एवढ्या लवकर? तर म्हणाला, काकूनं बजावलंच व्हतं ना, गाडी लांब नेऊ नको म्हणून.

तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण रक्त जात असताना माणूस आईवर संशय घेत नाही.

कर्जतच्या दवाखान्यात रक्त थांबलं. बाळाचे ठोके ठीक होते. मग तिथल्या डॉक्टर माझ्यावरच तापल्या. बाळाची वार खाली आलीय, गर्भपिशवीच्या तोंडावरच बसलीय, हे सोनोग्राफीतच दिसलं असणार. माहीत असून इतक्या आडबाजूला जाऊन कशाला राहिलात? मी म्हटलं, मला कुणी सांगितलंच नाही. डॉक्टरांनी आईकडे बघितलं. आईने पदर तोंडाला लावला.

"तुला माहीत व्हतं?"

"विहीणबाईंचा फोन आलता," आई म्हणाली. "थोरल्या सुनंचं बाळ त्यांच्या घरात गेलं, गाव आजून बोलतंय. म्हनल्या, परत तसलं आमच्या दारात नको, आन् पोरीला सांगू नका. पयलं बाळंतपण आपलंच असतंय गं. मी नाय कशी म्हनू?"

"मला घेऊन जायला हो म्हणालीस. मला सांगायला नाय म्हणालीस."

मेले तर कुणाच्या अंगणातून उचलायची, एवढंच दोन्ही घरांनी मिळून ठरवलं होतं.

दुपारी विपुल आला, हातात शहाळं घेऊन. म्हणे तू घाबरली असतीस. म्हणे आता थांबलंय तर संध्याकाळी वाडीवर सोडतो. डॉक्टर तिथेच उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, बाळंत होईपर्यंत ही इथून हलणार नाही. परत कधीही रक्त जाईल, न दुखता जाईल. ऑपरेशनच करावं लागेल, रक्त तयार पाहिजे, द्यायला माणसं आणा.

मी विचारलं, मी मरू शकते का?

"वाडीवर राहिलात तर हो," त्या म्हणाल्या. "इथे राहिलात तर वाचवता येईल. बहुतेक वेळा येतं."

इतक्या दिवसांत माझ्याशी खरं बोललेली ही पहिली बाई. नात्यातली नव्हती.

त्या गेल्यावर विपुल म्हणाला, कंपनीतल्या पोरांना सांगतो, कुणाचा तरी ॲक्सिडेंट झालाय म्हणून.

"नाय. आपल्या आळीतली आण. आन् काय झालंय ते सांगून आण."

"गावात कळंल गं. आईला तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार नाय."

"मग ठरव. आईचं तोंड ऱ्हायला पायजे का मी."

त्याने शहाळं स्टुलावर ठेवून फोन काढला आणि दाराकडे निघाला. मी म्हटलं, इथंच बोल, मला ऐकू दे. शेजारच्या खाटांवरच्या बायका आमच्याकडेच बघत होत्या. बघू देत. त्याने त्याच्या आईचा नंबर लावायला घेतला होता, तो मी बघितला, आणि मी बघितलं हे त्यानेही बघितलं. त्याने तो सोडून आळीतल्या मोरूला फोन लावला.

आई माझे पाय दाबायला आली. मी पाय ओढून घेतले.

"मोरू," विपुल म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे बघितलं. "मोरू, भाविकाच्या अंगावरून रक्त गेलंय. जिवाला धोका हाय." मी नजर काढली नाही.

"मला आधीपासून माहीत व्हतं रं," तो म्हणाला.