तिच्या हाताशी जुळलेला चेंडू

झुडपाखालून बोलतोय मी, गोल्फचा चेंडू. पूर्वी पांढराशुभ्र होतो. आता एका अंगाला शेवाळ धरलंय आणि दुसऱ्या अंगावरून मुंग्यांची ये-जा चालू असते. बोलायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यात, तापलेल्या साच्यात झाला. आधी रबराचा गाभा, त्यावर पातळ आवरण, त्यावर बारीक बारीक खळगे. आमच्यातले काही टणक असतात. जोरदार फटका बसला तरच दबतात आणि लांब जातात. काही माझ्यासारखे मऊ; संथ हातालाही दाद देतात. दिसायला सगळे सारखेच, त्यामुळे माणसं हमखास फसतात.

दुकानात मी बरेच दिवस काचेमागे पडून होतो. गिऱ्हाईक माझा डबा उचलायचं, त्यावरचा ‘मऊ’ हा शब्द वाचायचं आणि परत ठेवून द्यायचं. तो शब्द आपल्यासाठी आहे असं कुणालाच वाटत नसे.

एके दिवशी दोघीजणी आल्या. एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, दुसरी त्यांची नणंद. बाईंचे यजमान गेल्या हिवाळ्यात वारले होते. नवरा-बायको रोज सकाळी बरोबर खेळायची. आता बाई एकट्याच मैदानावर जात, यजमानांच्या पिशवीतले चेंडू घेऊन. ते संपत आले होते.

“असेच द्या,” म्हणून त्यांनी त्यांतला एक दुकानदारापुढे ठेवला.

दुकानदारानं त्यांना जाळीसमोर दोन-चार फटके मारायला लावले. मग म्हणाला, “मॅडम, याला फार जोर लागतो. तुमचा स्विंग, म्हणजे हात फिरवणं, संथ आहे, आणि छान आहे. तुम्ही हा मऊ घेऊन बघा.”

“आमच्याकडे हाच वापरतात.”

नणंद हळूच म्हणाली, “वहिनी, दादाचा हात वेगळा होता. त्याच्यासारखं मारायला जातेस आणि खांदा धरून बसतेस. वेणी घालायला हात वर जात नाही तुझा.”

बाईंनी यजमानांचा चेंडू पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली. बाहेर पडताना मात्र माझा डबा त्यांच्या हातात होता.

म्हणून काही लगेच माझी पाळी आली नाही. मी पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात अंधारात पडून असे. मैदानात एक तळं होतं. यजमानांचा फटका ते सहज ओलांडायचा म्हणे. बाईंचा चेंडू रोज पाण्यात पडे, आणि तो आवाज मला आत ऐकू येई. असे यजमानांचे सगळे चेंडू तळ्यात गेले. उरला फक्त पर्समधला. बाईंनी तो बाहेर काढला, हातात घोळवला, परत ठेवला. बाकावर त्या इतका वेळ बसून राहिल्या, की आता खेळ कायमचा सोडतात असं मला वाटलं.

मग माझा कप्पा उघडला.

फटका बसला तसा मी आतपर्यंत दबलो आणि उसळलो. तळं माझ्याखालून निघून गेलं. पलीकडच्या गवतावर टेकलो आणि वळून पाहिलं. बाई झटकन उजवीकडे वळल्या होत्या, काहीतरी सांगायला तोंड उघडून. उजवीकडे कुणी नव्हतं. हातातला क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, तसाच धरून त्या उभ्या राहिल्या.

मग तळ्याला वळसा घालून आल्या, मला रुमालानं पुसलं आणि म्हणाल्या, “गेला बरं का पलीकडे.” मला म्हणाल्या की त्यांना, ते कळलं नाही.

पुढे आम्ही पुष्कळ खेळलो. त्यांचा खांदा सुधारला. एकदा वाऱ्यानं मला या झुडपात ढकललं. बाईंनी क्लबनं फांद्या बाजूला करकरून शोधलं. मी वीतभर अंतरावर होतो, पण हाक कशी मारणार? त्या गेल्या.

त्यानंतर कितीतरी पानं माझ्यावर गळली.

परवा ओळखीचा आवाज आला. बाईंबरोबर कुणी नवशिकी होती. ती विचारत होती, “चेंडू कुठला घेऊ? भाऊ म्हणतो, मी वापरतो तोच घे.”

“भावाचं राहू दे. आधी तू मारून दाखव, मग ठरवू,” बाई म्हणाल्या आणि हसल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. दोघी गप्पा मारत पुढे गेल्या. मग पुन्हा मी आणि मुंग्या.

असो. तुम्हाला कधी सापडलो, तर धुऊन एखाद्या संथ हाताच्या माणसाला द्या. एखादं तळं अजून ओलांडीन मी.